तहाचा दगड आणि नऊ हजार रोपे

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. मला उचलायला चार माणसे लागतात, आणि बसायला दोघांना आरामात जागा होते. लोक म्हणतात दगडाला काळीज नसते. मी आयुष्यभर माणसे जवळून पाहिली आहेत, त्यामुळे मला या बोलण्याचा राग येत नाही.

माझा जन्म खालच्या ओढ्यातला. पुराच्या पाण्याने मला लोळवून लोळवून माझे कोपरे घासून काढले. शगकले गावच्या बायका माझ्यावर कपडे आपटायच्या. ते दिवस सुखाचे होते. मग एका उन्हाळ्यात त्याच बायका रक्ताचे कपडे धुवायला येऊ लागल्या, आणि ओढ्याचे पाणी संध्याकाळपर्यंत लाल वाहू लागले.

भांडण उताराचे होते. वर डोंगरात तोरकमर हे गाव, खाली शगकले, आणि मध्ये हा उतार. दोघांच्याही बकऱ्या तिथे चरायच्या, दोघेही तिथली मजरी कापायचे. मजरी म्हणजे गुडघाभर उंचीचा ताड. तिच्या पानांच्या दोऱ्या होतात, चटया होतात, चपलाही होतात. उतार दोघांचा होता तोवर कुणाचाच नव्हता आणि सगळे ठीक होते. मग तोरकमरच्या एकाने तिथे तुतीची दोन रोपे लावली. आमच्या पठाणी मुलखात ही साधी गोष्ट नाही. भिंत घातली तर बकऱ्यांसाठी घातली असे म्हणता येते. पण झाड लावले म्हणजे जमीन माझी असे सांगितले. शगकलेवाल्यांनी रोपे उपटली. पहिला माणूस त्याच दुपारी मेला. दोन रोपांपायी अकरा प्रेते पडली. त्यातला एक जण घसरत ओढ्यापर्यंत आला आणि माझ्यावर आडवा झाला. त्याच्या गळ्यातून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. कोणी त्याला न्यायला आले नाही, कारण जो येईल त्याला गोळी लागत होती. उन्हात तो दोन दिवस माझ्यावर पडून होता.

शेवटी म्हाताऱ्यांचा जिरगा, म्हणजे आमची पंचायत, बसला. बारा दिवस बसूनही उतार कोणाचा हे त्यांना ठरवता आले नाही. म्हणून त्यांनी तह ठरवला. आमच्याकडे तह करण्याला ‘दगड ठेवणे’ म्हणतात. बाकी ठिकाणी हे नुसते तोंडाने बोलतात. पण आमच्या जिरग्यातला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा म्हणाला की बोललेले हे लोक विसरतील, खरा दगड आणा. म्हणून चौघांनी मला ओढ्यातून उचलले आणि उताराच्या मधोमध आणून ठेवले. शर्ती अशा की बकऱ्या चारा, मजरी कापा. नांगर नाही, भिंत नाही, झाड नाही. जो मोडेल त्याचे घर जाळायचे.

आणि तह पक्का व्हावा म्हणून एक मुलगी दिली गेली.

तिचे नाव बख्तबीबी. वय चौदा. तिच्या बापाच्या गोळीने तोरकमरच्या एका घरातला धाकटा भाऊ मेला होता. त्या रक्ताच्या बदल्यात ती त्या घरात सून म्हणून गेली. ना ढोल वाजला, ना कोणी गाणे म्हटले. गाढवावर बसवून तिला नेले. तिचा थोरला भाऊ मीरकलम माझ्यापर्यंत मागे मागे आला आणि थांबला. पुढे जायला त्याला बंदी होती. गाढव वळणाआड गेले तरी तो उभाच होता. मग त्याने माझ्यावर डोके आपटले. कपाळ फुटले, पण तो रडला नाही.

मित्रांनो, त्यानंतरची काही वर्षे माझा मोठा मान होता. जाता येता लोक मला हात लावायचे. बापे आपल्या पोरांना माझ्याजवळ आणून सांगायचे, हा आहे म्हणून तुझा काका जिवंत आहे. मला मोठेपणा वाटायचा. पण मी कोणाच्या पाठीवर उभा आहे, हे मला दर आठवड्याला दिसायचे.

बख्तबीबी मजरी कापायच्या निमित्ताने खाली यायची, मीरकलम बकऱ्यांच्या निमित्ताने वर यायचा. दोघे माझ्यावर बसायची. तो आईने दिलेली मक्याची भाकरी आणायचा, ती खाता खाता बाही खाली ओढायची. बाहीखाली काय आहे ते मला दिसत होते आणि त्यालाही. तिचा थोरला दीर जरवली तिला चुलीतल्या चिमट्याने मारायचा. मेलेल्या धाकट्या भावाची आठवण आली की मारायचा, आणि त्याला ती रोज यायची. पहिले दोन हिवाळे ती बकऱ्यांच्या गोठ्यात झोपली. एकदा तिचा डावा कान सुजून बंद झाला होता. मीरकलमने सुरा काढला आणि वरच्या वाटेकडे निघाला. तिने त्याचा पाय धरला.

“अकरा मेले, लाला,” ती म्हणाली. थोरल्या भावाला आमच्याकडे लाला म्हणतात. “बारावा तू झालास तर माझं इथं येणं फुकट गेलं.”

तो परत बसला. सुरा त्याने माझ्यावर एवढा घासला की त्याची धार गेली.

पुढे तिला मुलगा झाला, शमरोज. मुलगा झाल्यावर मार कमी झाला, आणि तो मोठा होऊन दिराच्या अंगावर ओरडला तेव्हा थांबला. नवरा ट्रक उलटून आधीच गेला होता. शमरोज शिकला, तोरकमरच्या शाळेत मास्तर झाला. त्याला मामाचा फार लळा. त्याला बंदी कसली माहीत नव्हती, सरळ खाली यायचा आणि मामाच्या शेजारी बसायचा. “मामा, तुझ्या बकऱ्या तुझ्यापेक्षा शहाण्या, निदान उन्हात बसत नाहीत,” असे चिडवायचा. त्याचे हात लांब होते, बोटांना कायम खडू लागलेला. मीरकलम ते बोट धरून म्हणायचा की आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या हाताला दारूगोळ्याचा वास येत नाही.

हळूहळू लोक मला विसरले. पोरे माझ्यावर पाय टाकून मोबाइल बघू लागली. बकऱ्या माझ्यावर काय काय करायच्या ते सांगत नाही. मला वाईट वाटले, पण बरेही वाटले. दगड विसरला जातो म्हणजे बंदुका विसरल्या असा मी अर्थ काढला. दगडाच्या अकलेला तेवढेच.

मग सरकारची झाडांची योजना आली. साऱ्या देशात कोट्यवधी झाडे लावायची ठरली, पैसा राजधानीतून आला, डोंगर हिरवे करायचे म्हणून जिकडेतिकडे जीपगाड्या सुटल्या. योजना चांगली होती. आमचे डोंगर खरेच बोडके झाले होते. एक तरुण साहेब नकाशा घेऊन शगकल्यात आला. त्याच्या नकाशावर आमचा उतार रिकामा होता. गावचा मलिक, म्हणजे पाटीलच, तूरानशाह याने चहा पाजला आणि जमीन आमची, झाडे लावायला आमची हरकत नाही, अशा कागदावर अंगठा उठवून दिला. तोरकमरला कोणी विचारले नाही. विचारणार कसे, जीपचा रस्ता शगकल्यात संपतो. पुढे तासभर चालावे लागते, आणि साहेबाला पायातले चांगले बूट खराब करायचे नव्हते.

रोपांना राखण्या हवा होता. तूरानशाहने मीरकलमचे नाव दिले. मीरकलम आधी कचरला. उतारावर झाड नाही, ही शर्त त्याला पाठ होती. मलिक म्हणाला, “अरे, ही सरकारची झाडं. सरकारच्या झाडाला गाव नसतं.” मीरकलमला हे पटले, कारण त्याला पटवून घ्यायचे होते. त्या आठवड्यात त्याने बहिणीला सांगितले की तू अठ्ठावीस वर्षे इथे उन्हात बसलीस, आता तुझ्या डोक्यावर सावली येईल.

“वरच्यांना विचारलंस?” ती म्हणाली.

“सरकार त्यांनाही विचारत नाही नि मलाही.”

“तू तर विचार, लाला.”

तो हसला आणि भाकरीचे फडके सोडायला लागला. विचारले नाही. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

तीन आठवड्यांत नऊ हजार खड्डे झाले. पलोसा, म्हणजे आमच्याकडची बाभूळ, आणि जैतून, म्हणजे ऑलिव्ह, यांची रोपे लागली. मीरकलम डब्याने पाणी घालायचा, एकेका रोपाशी बोलायचा. एक जैतून त्याने माझ्या अगदी कडेला लावले, बहीण बसते त्या बाजूला. मग एक दिवस रंगारी आला. योजनेची पाटी रंगवायला त्याला मोठा दगड हवा होता, आणि उतारावर मोठा दगड मी एकटाच. त्याने मला चुना फासला. वर हिरव्या तेलरंगाने लिहू लागला. “गाव कोणतं?” त्याने विचारले. मीरकलम खड्ड्यातून मान वर न करता म्हणाला, “शगकले.” त्याला कोणी गाव विचारले की तो हेच सांगायचा. वाचता त्याला येत नव्हते, मलाही येत नाही. रंगारी गेल्यावर त्याने बाहीने माझ्यावरची धूळ झटकली आणि लांब उभा राहून मला कौतुकाने पाहिले. मीही जरा ताठ झालो असेन.

दोन दिवसांनी शमरोज दोन मित्रांबरोबर खाली आला. माझ्यासमोर येऊन थबकला. त्याने मामाला विचारले, यावर काय लिहिले आहे माहीत आहे का. मीरकलम म्हणाला, झाडांचे काहीतरी असेल.

“‘मौजे शगकले. झाडं नऊ हजार.’ तहाच्या दगडावर, मामा. उतार शगकल्याचा, असं दगडच बोलायला लागलाय.”

मीरकलमचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्याने सुऱ्याने रंग खरवडला, शमरोजने वाळूने घासले. तेलरंग निघेना. शमरोज म्हणाला की मी वर जाऊन लोकांना समजावतो, तोवर तू याला माती लिंप. मीरकलमने माती लिंपलीही. पण शमरोजच्या मित्राने त्याआधीच माझा फोटो काढला होता. संध्याकाळच्या नमाजाला तो तोरकमरच्या प्रत्येक मोबाइलवर होता.

शुक्रवारी, जुम्म्याची नमाज होताच दोनशे माणसे उतारावर आली. बंदुका नव्हत्या. ते शमरोजचे काम. आदल्या दिवशी त्याने साऱ्यांच्या पाया पडून कबूल करून घेतले होते की रोपे उपटायची आणि परत यायचे, रोप गेले की दावा गेला, रक्ताची गरज नाही. तो स्वतः पुढे होता. धुळीपायी सगळ्यांनी तोंडाला पटके गुंडाळले होते.

मीरकलम एकटा त्यांच्या आडवा आला. हात जोडून सांगू लागला की झाडे सरकारची आहेत. पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. दुसरीने डावा हात कोपराखाली मोडला. तो पडला, लोक त्याच्यावरून गेले. रोपे उपटण्याचा आवाज तुम्ही ऐकला नसेल. एक रोप निघते तेव्हा काहीच वाटत नाही. हजारो निघतात तेव्हा डोंगराची कातडी सोलल्यासारखे वाटते. लोक नुसते उपटत नव्हते, पायाखाली चिरडत होते, ओरडत होते, हसत होते. मीरकलम उठला. उजव्या हातात त्याला फावडे सापडले. त्याने एकाच्या पाठीत घातले, एकाची मांडी फाडली. त्याच्या डोळ्यांत रक्त उतरत होते. त्याला दिसले की माझ्या कडेला कोणीतरी गुडघ्यांवर वाकून ते जैतून काढतो आहे. त्याने फावडे डोक्यावर नेले आणि पात्याच्या कडेने हाणले.

पाते मानेत बसले. हाडापर्यंत गेले. गरम रक्त माझ्या चुन्यावर, हिरव्या अक्षरांवर उडाले. तो माणूस कुशीवर कलंडला, पटका सुटला, आणि मीरकलमने शमरोजचे तोंड पाहिले.

शमरोजने रोप उपटले नव्हते. दोन्ही हातांनी भोवतालची माती उकरून ते मुळांसकट सोडवले होते आणि आपल्या टोपीत ठेवले होते, आईच्या अंगणात लावायला. त्याची बोटे अजून त्या मातीत हलत होती. मग थांबली.

हे पाहून कोणीतरी किंचाळले, आणि आता सूड येणार या भीतीने शगकल्याच्या छतांवरून गोळीबार सुरू झाला. तोरकमरवाले धावत वर गेले आणि बंदुका घेऊन कड्यावर बसले. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत गोळ्या उतारावरून आरपार जात होत्या. शगकल्याचा एक तरुण विहिरीपाशी पोटात गोळी लागून पडला आणि पाणी पाणी करत मेला. तोरकमरचा एक जण गोळी लागून कड्यावरून डोक्यावर पडला आणि जागीच मेला. माझा एक कोपरा उडाला. मीरकलम भाच्यावर पालथा पडून होता. त्याला गोळी लागावी असे त्याला वाटत होते, आणि लागत नव्हती.

तेव्हा वरच्या वाटेने बख्तबीबी आली. डोके उघडे, डोक्यावर कुराण, हातात चादर. गोळ्यांच्या मधून ती चालत आली आणि चादर तिने जमिनीवर फेकली. बाईची चादर दोन्ही बाजूंच्या मध्ये पडली की बंदूक चालवायची नसते. एकेक करून बंदुका गप्प झाल्या. ती भाऊ नि मुलगा दोघांना वाचवायला आली होती. ती माझ्यापाशी येईपर्यंत तिला कोणी काही सांगितले नव्हते.

ती दोघांपाशी खाली बसली. मग विचारले, “कुणी?”

“मी,” मीरकलम म्हणाला. तुटक्या दातांतून शब्द नीट येत नव्हते. “तोंड झाकलेलं होतं, बख्तो.”

“हात तर उघडे होते. त्याचे हात तू ओळखत नव्हतास?”

तिने फावडे उचलले आणि दांड्याने त्याला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, पाठीवर, मोडक्या हातावर. तो हलला नाही. दोन्ही गावची माणसे पाहत होती, कोणी मध्ये पडले नाही. दांडा मोडला तेव्हा ती थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याभोवतीच जिरगा बसला. तिन्ही प्रेते खाटांवर होती. जरवली आता म्हातारा झाला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्याने रक्ताच्या बदल्यात मीरकलमची नात मागितली. नातीचे नाव पलवशा, वय सात. मीरकलम म्हणाला मला गोळी घाला. जरवलीने थुंकून सांगितले की म्हाताऱ्याच्या रक्ताने काही भरून येत नाही. जिरग्यातल्या माना डोलू लागल्या. मुलगी द्यावी, दगडाला पुन्हा चुना लावावा, तह पुढे चालू. मला त्या वेळी स्वतःची लाज वाटली. अठ्ठावीस वर्षे हे लोक माझ्याआड लपले होते. निवाडा करायची हिंमत नव्हती म्हणून दगड ठेवला, आणि दगड टिकावा म्हणून पोर ठेवली.

बख्तबीबी पुरुषांमधून चालत आली आणि माझ्यावर बसली. जरवली उठून म्हणाला की जिरग्यात बाई बोलत नाही. जिरग्याच्या प्रमुखाने त्याला हाताने खाली बसवले. काल हिची चादर पडली नसती तर आज तू खाटेवर असतास, तो म्हणाला.

“मुलगी नको,” बख्तबीबी म्हणाली. “मुलगी देऊन काय होतं ते मी पाहिलंय. मेलेला माझा आहे, बदला काय घ्यायचा ते मी सांगते. खड्डे खणलेलेच आहेत. तीन मोठे करा. तिघांना इथंच पुरा, शेजारी शेजारी.”

आमच्याकडे कबरस्तान कोणाचे नसते. त्यावर नांगर चालत नाही, भिंत चढत नाही, दावा लागत नाही. आणि कबरस्तानातले झाड तोडायला कोणाचा हात उठत नाही, मग ते कोणीही लावलेले असो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते.

“आता सांगा,” ती म्हणाली, “उतार कुणाचा?”

प्रमुखाने मान्य म्हणून दोन्ही हात दुआसाठी उचलले. त्याच्या मागे एकेकाने उचलले. जरवलीने सर्वांत शेवटी.

शमरोजची कबर मीरकलमने खणली. तिनेच त्याला खणायला लावली. एका हाताने, मोडक्या दांड्याच्या त्याच फावड्याने, दुपारपर्यंत. मग चौघांनी मला उचलले आणि शमरोजच्या उशाशी रोवले. हिरवी अक्षरे मातीत गेली. टोपीतले जैतून त्याच्या पायाशी लावले.

याला दोन वर्षे झाली. नऊ हजारांतली चारशे रोपे जगली आहेत. सरकारी कागदावर अजून नऊ हजारच आहेत असे म्हणतात. राखण्याची नोकरी संपली, तरी मीरकलम रोज पाणी घालतो. बख्तबीबी दर गुरुवारी येते, मुलाजवळ बसते. भाऊ डबा घेऊन लांब उभा राहतो. ती त्याच्याकडे पाहत नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही.

मित्रांनो, झाडे जरूर लावा. पण खड्डा खणण्याआधी विचारा, आणि जीप जाते तिथपर्यंतच विचारू नका. आणि तुमच्यात भांडण असेल तर ते माझ्यासारख्या एखाद्या दगडाखाली झाकून ठेवू नका. बसा, आणि मिटवा. मी दगड आहे, मी पुढची हजार वर्षे तिच्या एका शब्दाची वाट पाहू शकतो. मीरकलमकडे तेवढी वर्षे नाहीत.